शेवाळाचा अर्क : नमुना पास, माल नव्हे

कापडाच्या धंद्यातील आम्हा मंडळींना समुद्रशेवाळ परके नाही. रिअ‍ॅक्टिव्ह रंगांच्या छपाईत घालतात तो अल्जिनेट गोंद तपकिरी शेवाळातूनच निघतो. म्हणून गेल्या महिन्यात एक इसम शेवाळाच्या कॅप्सूलची एजन्सी घेऊन आमच्या गादीवर आला, तेव्हा आम्ही त्याचे ऐकून घेतले. पत्रकावर छापले होते, 'कर्करोगाच्या पेशींवर प्रयोगशाळेत सिद्ध'. नफाही भरघोस होता. आम्ही आधी चौकशी केली. ती व्यापारी बांधवांपुढे ठेवतो.

ही तपासणी होते ती अशी. शेवाळ धुऊन, वाळवून, कुटून अल्कोहोलात भिजवतात. अल्कोहोल उडवल्यावर उरतो तो अर्क. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर तो कमी-अधिक मात्रेत घालून दोन-तीन दिवस ठेवतात. मग एम.टी.टी. नावाचे पिवळे द्रव्य घालतात. जिवंत पेशी त्याला जांभळे करतात, मेलेल्या करीत नाहीत. जांभळा रंग जितका फिका, तितक्या जिवंत पेशी कमी. आपल्या कोणाही रंगाऱ्याला समजेल अशी ही परीक्षा आहे.

परंतु बशीतल्या पेशी ब्लीचिंग पावडरीनेही मरतात. अर्क निरोगी पेशींना सोडतो काय, शरीरात पोचल्यावर टिकतो काय, हे खरे प्रश्न पुढेच आहेत. त्यासाठी आधी जनावरांवर, नंतर माणसांवर चाचण्या होतात. हवाई बेटांतील एका समुद्री गोगलगायीत सापडलेले 'कहालालाइड एफ' हे द्रव्य १९९३ साली प्रसिद्धीस आले. ते ती खाते त्या हिरव्या शेवाळातही मिळाले. माणसांवर चाचण्या झाल्या, पण औषध बाजारात आले नाही.

समुद्रातून औषध मिळतच नाही, असे नव्हे. कॅरिबियन समुद्रातील स्पंजातल्या द्रव्यांवरून तयार झालेले सायटाराबिन १९६९ साली अमेरिकेत मंजूर झाले. रक्ताच्या कर्करोगावर ते आजही देतात. पण शुद्ध स्वरूपात, मोजून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

शिवाय कर्करोग बरा करण्याची जाहिरात करण्यास आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. दुकानात तसे पत्रक वाटणाराही अडचणीत येऊ शकतो.

आम्ही एजन्सी घेतली नाही. कच्च्या रंगाचे थान गेले तर गिऱ्हाइकाला बदलून देता येते. आपल्या शब्दावर भरवसा ठेवून कोणी इलाज थांबवला, तर त्याचे वाया गेलेले महिने आपण कोठून बदलून देणार?