संवाद म्हणणाऱ्या बायका लिहू लागल्या तेव्हा

मालिकेतल्या सीनचा कागद अनेकदा शूटिंगच्या दिवशीच हाती पडतो. गोरेगावची चित्रनगरी असो, मढचे बंगले असोत की घोडबंदर रोडवरचे सेट, मेकअप होता होता तो पाठ करायचा आणि शिफ्ट संपेपर्यंत उभं राहायचं. पस्तिशी उलटली की नायिकेची वहिनी होते, पुढे आई. काही अभिनेत्रींनी मात्र हा कागद स्वतः लिहायला घेतला, काहींनी सेटच स्वतःचा उभारला.

ही वाट आधी मळवली स्मिता तळवलकरांनी. दूरदर्शनवर बातम्या, मग अभिनय आणि त्यातून ‘अस्मिता चित्र’ ही निर्मितीसंस्था. ‘कळत नकळत’ (१९८९) आणि ‘तू तिथे मी’ (१९९८) या त्यांच्या चित्रपटांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ‘अवंतिका’ मालिका घराघरांत पोचली. २०१४ मध्ये त्या गेल्या.

लेखनात मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या मधुगंधा कुलकर्णी. अभिनयातून आलेल्या मधुगंधाताईंनी ‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३-१६) लिहिली. नायिका जान्हवीला सासवा सहा, पण प्रत्येकीचा स्वभाव वेगळा, बोलणं वेगळं. सहा बायका एका स्वयंपाकघरात आल्या की कोण कधी बोलेल आणि कोण मुकाट ऐकेल, हे लेखिकेच्या कानात पक्कं होतं. पुढे जान्हवीचं गरोदरपण लांबतच गेलं आणि प्रेक्षक वैतागले. दैनंदिन मालिका चालत असेल, तर कथा संपली म्हणून ती थांबत नाही. याची किंमत लेखणीला मोजावी लागते. ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) मध्ये, पंढरपूरच्या त्या नेमक्या गोष्टीत, त्यांची ताकद मोकळी दिसली. सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाला.

मुग्धा गोडबोले यांनी ‘आई कुठे काय करते’चे संवाद लिहिले. स्वतः अभिनेत्री असल्याने वाक्य तोंडात बसतं की अडतं, हे त्यांना कळतं. नायिका अरुंधतीचा घटस्फोट, दुसरं लग्न, हे सगळं रोज संध्याकाळी जेवणाच्या ताटासमोर बोललं गेलं. ही लहान गोष्ट नाही.

श्वेता शिंदे यांनी निर्माती म्हणून आणखी वेगळं केलं. ‘लागिरं झालं जी’ (२०१७-१९) त्यांनी थेट साताऱ्याकडे नेली. तिथली बोली, तिथलीच नवी पोरं. उपनगरातल्या भाड्याच्या बंगल्यांमध्ये अडकलेली मराठी मालिका त्यामुळे शेतात आली. मनवा नाईक यांनी ‘तुमची मुलगी काय करते?’मधून मुलीचा शोध घेणाऱ्या आईला रहस्यकथेची नायिका केलं.

निर्मितीतली जोखीम मात्र फार बोलली जात नाही. सेटचं भाडं, जेवण, लाइट यांचा खर्च रोजचा. वाहिनीचे पैसे मागाहून. कथेचे हक्क बहुतेक वाहिनीकडेच राहतात. या बायका लिहितात, पैसा घालतात, माणसं जमवतात. त्यांनी निर्माण केलेल्या गोष्टींवर त्यांची मालकीही असली पाहिजे. पुढच्या करारांमध्ये हे कलम त्यांनी मागावं आणि वाहिन्यांनी ते द्यावं.