पाळीव अजगराचे भोजन आणि उष्णतेचा हिशेब

पश्चिम आफ्रिकेतील घाना, टोगो आणि बेनिन या देशांच्या गवताळ रानांत राहणारा, आणि भयाची चाहूल लागताच मस्तक आत दडवून सर्व देहाचे वेटोळे करून निश्चल पडणारा 'बॉल पायथन' हा लहानसा अजगर आज अमेरिकेत व युरोपात कित्येक घरांतून पाळला जातो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी सर्प पकडून घरी बाळगण्यास मनाई केली आहे, हे योग्यच झाले. परंतु परदेशी स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबातील मुलाने असा अजगर आणलाच, तर त्याच्या अन्नाची तजवीज कशी करावी हे जाणणे त्या मुक्या जीवाच्या हिताचे आहे. नागपंचमीच्या श्रद्धेने कितीही पुढे केले तरी दूध हे सर्पाचे अन्न नव्हे; त्याला सबंध भक्ष्य लागते, म्हणजे व्यवहारात उंदीर.

ते भक्ष्य सर्पाच्या देहाच्या सर्वांत जाड भागाइतकेच, फार तर किंचित अधिक जाड असावे. पिल्लांना पाच ते सात दिवसांनी व पूर्ण वाढलेल्यांना दोन-तीन आठवड्यांनी दिले म्हणजे पुरे. अधिक खाऊ घालण्यात माया दिसली तरी त्यातून मेद वाढतो. जिवंत उंदीर मात्र देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण सर्पाला भूक नसेल तर कोंडलेला उंदीर त्याचेच डोळे, मुख आणि पाठ कुरतडतो, आणि अशा जखमांनी सर्प दगावल्याची उदाहरणे आहेत. शिवाय उंदरालाही निष्कारण त्रास का द्यावा? म्हणून विधिवत मारून गोठवलेले उंदीर तेथील दुकानांत मिळतात, तेच घ्यावेत.

या अजगराच्या वरच्या ओठावर सूक्ष्म खाचा असतात व त्यांच्या योगे त्याला भक्ष्याच्या अंगची ऊब जाणवते. साहजिकच थंड उंदराकडे तो बहुधा ढुंकूनही पाहत नाही. गोठवलेला उंदीर रात्रभर शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवून पुरता वितळू द्यावा, मग पिशवीत बंद करून गरम पाण्यात धरावा, आणि त्याची कातडी सुमारे ३८ ते ४० अंश सेल्सियस झाली की लांब चिमट्याने शेपटीकडून धरून पुढे करावा. मायक्रोवेव्ह भट्टीत तो कधीही तापवू नये, कारण तेथे काही भाग शिजतो व काही गोठलेलाच राहतो. बोटांनी धरून देणे तर सर्वथा वर्ज्य, कारण उबदार हात आणि उबदार उंदीर यांत सर्पाची गल्लत होते. गोठवल्याने साल्मोनेला जंतू नाहीसे होत नाहीत, तेव्हा भांडी स्वयंपाकघरापासून निराळी ठेवावीत आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

गिळल्यावर पचनासाठीही उष्णताच हवी. पिंजऱ्याची एक बाजू ३१ ते ३३ अंश उबदार नसेल तर अन्न पोटात सडते व सर्प ते ओकून टाकतो. तसेच जेवणानंतर दोन दिवस त्याला हातात घेऊ नये. कात टाकण्याच्या सुमारास, डोळे धुरकट झाले असता, तो बहुधा अन्न नाकारतो, आणि निरोगी प्रौढ अजगर कधीकधी महिनोन्‌महिने उपाशी राहतो; तेव्हा न खाल्लेला उंदीर काढून टाकावा, सर्पाचे वजन नोंदवत राहावे, आणि ते सतत घटू लागले, किंवा ओकारी पुन्हा झाली, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यास विलंब न लावता दाखवावे.