घरगुती मलम : कृती, गुण आणि मर्यादा

बंगळुरूच्या पश्चिम भागातील राजाजीनगर ही चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या नावाने ओळखली जाणारी जुनी वसाहत होय. म्हैसूर संस्थानाने १९१६ साली चंदन तेलाचा कारखाना उभारला. त्या तेलाच्या सुगंधासाठी प्रसिद्ध असलेल्या चंदनी साबणाचा कारखाना १९५७ पासून राजाजीनगर परिसरात आहे. येथील एका मेट्रो स्थानकालाही 'सँडल सोप फॅक्टरी' असेच नाव आहे. साबण त्वचेवरील मळ दूर करतो. परंतु त्याबरोबर तिचा स्वाभाविक स्निग्धांशही काही प्रमाणात धुऊन जातो. ही उणीव भरून काढण्याचे काम मलम करते, आणि त्यासाठी कारखान्याची गरज नसते. स्वयंपाकघर पुरेसे असते.

टाचांनाच भेगा का पडतात?

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबरपासून मार्चपर्यंत येथील हवा कोरडी असते. थंडीच्या सकाळी बाटलीतील खोबरेल तेल थिजते, कारण ते सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली घट्ट होऊ लागते. कोकणच्या दमट हवेतून येथे येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांना हा फरक प्रथम टाचांवर जाणवतो. तळपायाच्या त्वचेत तैलग्रंथी नसतात. त्यामुळे ती लवकर कोरडी पडते, जाड होते आणि शरीराच्या भाराने फाटते. यालाच आपल्याकडे 'जळवात' म्हणतात.

मलमाचे कार्य

मलम त्वचेला पाणी देत नाही; त्वचेतील पाणी उडून जाऊ देत नाही. म्हणूनच ते पाय धुऊन, हलकेच टिपून, त्वचा किंचित ओलसर असतानाच लावावे. आयुर्वेदातील सिक्थतैल याच तत्त्वावर आधारलेले आहे. सिक्थ म्हणजे मधमाशांचे मेण. एक भाग मेण आणि त्याच्या पाच-सहा पट तिळाचे तेल, एवढेच त्याचे घटक. कोकणात याच कामी कोकमाच्या बियांचे तेल वापरले जाते. बिया वाळवून कुटतात, पाण्यात उकळतात आणि वर तरंगणारा स्नेह काढून घेतात. तो निवाला की त्याचे गोळे वळतात. हे तेल अंगाच्या उष्णतेच्या आसपास वितळत असल्याने चोळताच मऊ होते.

कृती

तिळाचे तेल ६० ग्रॅम, कोकम तेल २० ग्रॅम आणि शुद्ध मधमाशांचे मेण १२ ग्रॅम घ्यावे. मेणबत्तीचे तुकडे वापरू नयेत. त्यांत रंग व कृत्रिम सुगंध असू शकतात. पातेल्यात पाणी गरम करून त्यात कोरडे भांडे ठेवावे. प्रथम मेण, मग कोकम तेल व शेवटी तिळाचे तेल घालून मंद आचेवर एकजीव करावे. थोडे मिश्रण थंड चमच्यावर घेऊन पाहावे. फार घट्ट वाटल्यास तेल, पातळ वाटल्यास मेण वाढवावे. नंतर ते कोरड्या, स्वच्छ बरणीत ओतून त्यावर तारीख लिहावी.

पाणी टाळावे

अनेक घरी या मिश्रणात ताजा कोरफडीचा गर, कडुलिंबाची ओली पाने किंवा लिंबाचा रस घालण्याचा मोह होतो. पाण्याचा अंश मिसळला की जंतू व बुरशी यांना वाढण्यास वाव मिळतो आणि मलम लवकर बिघडते. कडुलिंब हवाच असेल तर पाने सावलीत पूर्ण वाळवून तेलात मुरवावीत व तेल गाळून घ्यावे. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. बरणीत ओले बोट घालू नये. खवट वास आल्यास मलम टाकून द्यावे. प्रथमच वापरताना ते हाताच्या आतील बाजूस थोडे लावून दोन दिवस वाट पाहावी. खाज किंवा लाली आल्यास वापरू नये.

मर्यादा ओळखाव्यात

घरगुती म्हणजे सर्वस्वी निर्धोक, असा समज योग्य नाही. काही घरांत कोकम तेल वितळवून त्याचे गरम थेंब भेगांत सोडतात. मधुमेहाच्या रुग्णास ही पद्धत फार महाग पडू शकते. दीर्घकालीन मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. चटका बसला तरी कळत नाही, भेगेत जंतुसंसर्ग झाला तरी दुखत नाही. अशा व्यक्तींच्या पायांची रोज पाहणी करावी. घरातील वडीलधाऱ्यांना स्वतः वाकून तळपाय पाहता येत नसतील, तर हे काम मुला-सुनांनी करावे. रक्त, पू, सूज किंवा काळेपणा दिसताच मलमावर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जावे. भाजलेल्या जागीही मलम किंवा तूप लावू नये. ती प्रथम वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावी.

विक्रीपूर्वी

मलम चांगले जमले की शेजारीपाजारी मागणी होते आणि गृहोद्योगाचा विचार मनात येतो. तो स्वागतार्ह आहे. परंतु विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधने तयार करण्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार परवाना लागतो. वेष्टनावर घटक, तुकडी क्रमांक व वापरण्याची मुदत नमूद करावी लागते. रोग बरा करण्याचा दावा केल्यास ते उत्पादन औषध ठरते व त्याचे नियम अधिक कडक आहेत. या बाबींची पूर्तता कशी करणार हे ठरवूनच भांडवलाकडे वळावे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेतील 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाविना मिळू शकते.

मलम असो वा व्यवसाय, घटक नेमके, भांडे कोरडे आणि मर्यादांची जाणीव स्पष्ट असली, म्हणजे फळ चांगलेच मिळते.