चारच्या चहाचा हिशेब

सांगलीत आमच्या मेडिकलच्या भिंतीला लागूनच बेकरी आहे. दुपारी भट्टीतून खारीचे ट्रे बाहेर निघाले की वास थेट आमच्या काउंटरवर येतो. माणसं एका फेरीत दोन्ही कामं उरकतात. इकडून बीपीच्या गोळ्यांची पट्टी, तिकडून पाव किलो खारी आणि टोस्टचा पुडा. गिऱ्हाइकाला काय खावं हे सांगायला मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. पण काउंटरवर उभं राहून एक गोष्ट रोज दिसते. पथ्य पाळणारा माणूस डोळ्यांना दिसणारा चमचा तेवढा सोडतो. चहात साखर घालत नाही, ताटात वरून मीठ घेत नाही. न दिसणारं सगळं बिनदिक्कत चालू राहतं.

‘‘ताई, साखर पूर्ण बंद केलीय,’’ एक काका सांगत होते. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट साडेआठ. मी विचारलं, ‘‘मग चहा?’’ तर म्हणाले, ‘‘गुळाचा घेतो की.’’ अलीकडे गुळाच्या चहाची दुकानं चौकाचौकात झालीत, त्यामुळे हा समज आणखीच पक्का झालाय. गुळात थोडं लोह आणि थोडी खनिजं असतात, खरं आहे. पण त्याचा बराचसा भाग साखरच. उसाचा रस गुऱ्हाळात आटवला काय आणि कारखान्यात नेला काय, रक्तात गेल्यावर साखर वाढायची ती वाढतेच. मधाचंही तेच.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत हवी, 5 टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. मध आणि फळांचा रस त्यातच धरायचा. दिवसाला 2000 कॅलरी लागणाऱ्या माणसाला हे अनुक्रमे 50 आणि 25 ग्रॅम पडतं. 25 ग्रॅम म्हणजे पाच-सहा छोटे चमचे. दोन-दोन चमचे घातलेले दोन कप चहा झाले की त्यातले चार संपले. कोलाची 300 मिलिलिटरची एक बाटली घेतली तर तिच्यातच 30 ग्रॅमच्या आसपास साखर असते. ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा उलटा करून वाचा, वजनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा साखर निघेल. आजारी माणसाला आपण चहात बुडवून देतो तीच ही बिस्किटं.

साखरेच्या दाण्यात अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. ग्लुकोज रक्तातून सगळीकडे जातं, त्यासाठी इन्शुलिन कामाला लागतं. फ्रुक्टोजचा बराचसा भार मात्र यकृतावर पडतो आणि जास्तीचं तिथंच चरबीत बदलतं. सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर’ लिहून आलं की माणसं गोंधळतात. ‘‘मी दारूचा थेंब घेत नाही हो,’’ असं अगदी दुखावल्यासारखं सांगतात. दारूशिवायही होतं, आणि पोटाचा घेर वाढलेल्यांत बऱ्याच जणांना होतं.

काटकुळ्या माणसांनी यात खूश होऊ नये. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर दोघांचा एक फोटो छापला होता. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचा एकच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के. आपल्याकडची माणसं दिसायला सडपातळ आणि आतून चरबीची, हे त्या फोटोइतकं सोपं करून कुणी सांगितलं नसेल. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींचा अंदाज 10 कोटींच्या वर गेला आणि प्रौढांपैकी 35 टक्क्यांहून जास्त जणांत उच्च रक्तदाब आढळला. त्यातले कितीतरी वजनकाट्यावर ‘नॉर्मल’ असतील.

आता मैदा. त्याच्याबद्दल व्हॉट्सअॅपवर फिरतं ते बहुतेक खोटं. मैदा आतड्याला चिकटून बसत नाही, इतर स्टार्चसारखाच पचतो, आणि पचतो फार लवकर, हीच अडचण आहे. मैद्यात असल्याचं सांगितलं जाणारं अॅलोक्सन नावाचं रसायन टोचून प्रयोगशाळेत उंदरांना मधुमेह करतात म्हणून मैद्यानेही होतो, या म्हणण्यालाही पुरावा नाही. खरी गोष्ट इतकी सनसनाटी नाही. गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून टाकला की उरतो तो मैदा. 100 ग्रॅम कणकेत तंतू साधारण 11 ग्रॅम, मैद्यात तीनहून कमी. प्रथिनांत फारसा फरक पडत नाही. जातात ते तंतू, बरीचशी ब जीवनसत्त्वं आणि खनिजं.

शिवाय मैदा पोटात कधी एकटा जात नाही. आमच्या शेजाऱ्यांच्या भट्टीत खारी करताना बघितली आहे. मळलेला मैदा लाटायचा, त्यावर वनस्पती तुपाचा थर द्यायचा, घडी घालायची, पुन्हा लाटायचं, पुन्हा घडी. भट्टीत याच घड्या फुलतात आणि पदर सुटतात. गरम खारी पाच मिनिटं वर्तमानपत्रावर ठेवा, खालचा कागद पारदर्शक होतो. त्यात मीठ आहेच. त्याच पिठात साखर गेली की नानकटाई आणि बिस्किटं. बिनसाखरेचा चहा घेऊन त्यात चार टोस्ट बुडवणाऱ्याने नेमकं काय वाचवलं, मला अजून कळलेलं नाही.

मिठाचा हिशेब तर बहुतेकांना माहीतच नसतो. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा, आणि तोही आमटी, भाजी, पोळी, लोणचं, भडंग सगळं मिळून. मिठातलं सोडियम अंगात पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं, रक्तवाहिन्यांवर दाब येतो. वर्षानुवर्षं हे चाललं की हृदय, मूत्रपिंड आणि मेंदूतल्या बारीक वाहिन्या थकतात. पाकिटावर मीठ नाही, सोडियम छापतात, म्हणून त्याला अडीचने गुणायचं. आणि सगळंच सोडियम खारट लागत नाही. पापडखारात आहे, खाण्याच्या सोड्यात आहे. आमच्या काउंटरवरही आहे. मिसळ खाऊन जळजळली की माणसं फसफसणाऱ्या अॅसिडिटी पावडरची पुडी मागतात. अशा 5 ग्रॅमच्या पुडीत 850 मिलिग्रॅमपर्यंत सोडियम असू शकतं आणि दिवसाची मर्यादा आहे 2000. बीपीची गोळी आणि ही पुडी एकाच पिशवीत घालून द्यायची वेळ आली की मी आधी थांबवते.

सैंधवाने यातलं काहीच सुटत नाही. तेही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच, वर बहुधा त्यात आयोडीन घातलेलं नसतं. ज्याच्यामागे भक्कम पुरावा आहे ते मीठ वेगळं. चीनमधल्या 600 खेड्यांत, आधी पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा साठीपुढच्या बीपीच्या सुमारे 21 हजार माणसांवर एक मोठा अभ्यास झाला आणि 2021 साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या गावांना चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ दिलं. पाचेक वर्षांत त्या गावांत पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी कमी राहिलं. असं कमी सोडियमचं मीठ आपल्याकडेही मिळतं आणि लोक जाहिरात बघून मागायला येतात. मी आधी दोन प्रश्न विचारते: किडनीचा काही त्रास आहे का, आणि बीपीची गोळी कुठली. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर अंगात पोटॅशियम आधीच साठत असतं, त्यात हे मीठ पडलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशांना मी डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगते. काही जण रागावतात. ‘‘मिठालासुद्धा चिठ्ठी?’’ म्हणतात आणि शेजारी खारी घ्यायला जातात.