घरातली मारहाण : आम्ही गप्प बसलो, तुम्ही बसू नका



आम्ही शेतकी खात्याची माणसं. लागणीची नोंद, बेणं, खत, खोडकीड हेच आमचं बोलणं. या अंकात मात्र वेगळं लिहितो आहोत, कारण आमच्या हातून एक चूक झाली आहे.

दोन वर्षांमागं एका प्लॉटवर खोडकीड बघायला गेलो होतो. मालकीण भांगलत होत्या. एक डोळा सुजून काळानिळा झालेला. "वहिनी, काय झालं?" तर म्हणाल्या, "म्हशीनं शिंग मारलं, साहेब." मालक बांधावरच उभे होते. आम्ही वाळलेले पोंगे मोजले, औषध लिहून दिलं, चहा घेतला आणि गाडीला किक मारली. म्हशीचं नाव उगीच आहे, हे आम्हाला कळलं होतं. पण 'त्यांच्या घरातला मामला' म्हणून गप्प बसलो. पुढच्या हंगामात समजलं, हात मोडल्यावर बाई पोरांना घेऊन माहेरी गेल्या.

'घरातला मामला' हे बोलणं आपल्या मुलखाला शोभत नाही. करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध १९१९ सालीच कायदा केला. देशाच्या दंडसंहितेत सासरच्या छळाचं ४९८-अ कलम आलं ते १९८३ साली.

त्यानंतर कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आला; तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात नुसती मारहाण नाही, तर शिवीगाळ, लैंगिक छळ आणि पैशाची अडवणूकही येते. ऊसबिल जमा झालं आणि घरात तेल-मिठाला मुद्दाम पैसा दिला नाही, तर तोही छळच. घर कुणाच्याही नावावर असो, कायद्याच्या मार्गाशिवाय बाईला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. कोर्टाचा संरक्षणाचा आदेश मोडणं हा गुन्हा आहे.

भगिनींनो, मारहाण चालू असेल तर ११२ लावा. सल्ल्याला १८१ आहे. दवाखान्यात जखमेची खरी हकीकत सांगा, कागद जपून ठेवा. संरक्षण अधिकारी तक्रारीची नोंद घेऊन कोर्टापर्यंत मदत करतात. विधी सेवा समितीकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही.

आणि शेजाऱ्यांनो, तुम्हीही संरक्षण अधिकाऱ्यांना कळवू शकता. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर या कायद्यानं कसली जबाबदारी येत नाही. मात्र आधी त्या बाईला एकटीला गाठून विचारा. तिच्या माघारी नवऱ्याला जाब विचाराल, तर रात्री मार तिलाच बसतो.

आम्ही आता फेरीला गेलो की हे नंबर तोंडीच सांगतो. चिठ्ठी देत नाही. घरात सापडली तर आणखी एक निमित्त व्हायचं. कुणी भगिनी आमच्याशी बोलल्या, तर ते गटऑफिसात चर्चेला जाणार नाही, एवढा शब्द देतो.

— ऊस विकास अधिकारी