डिस्क ब्रेक लावले, मग अंतर कमी का नाही झालं?

शेव्हरले सी-१० या अमेरिकन पिकअपच्या १९७१ आधीच्या गाड्यांना पुढेही ड्रम ब्रेकच असायचे. त्यामुळे अशी जुनी गाडी हाती आली की हौशी माणूस आधी पुढे डिस्क बसवून घेतो. मग रिकाम्या रस्त्यावर एकदा कचकन ब्रेक मारून बघतो, तर अंतर जवळपास तेवढंच! पैसे वाया गेले?

इथेच माझे गाईड विचारतील, ‘तू नक्की काय मोजलंस?’

थंड आणि धडधाकट ड्रमसुद्धा चाक जाम करू शकतो. तेवढा जोर मिळाला की पुढची मर्यादा टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाची. वेग ताशी ८० किमी, घर्षणांक ०.७ धरला तर अंतर येतं साधारण ३६ मीटर. या गणितात ब्रेकचा प्रकार कुठे येतच नाही, बघा.

फरक आहे उष्णतेत. २००० किलोची गाडी त्या वेगावरून थांबवताना सुमारे ५ लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते, बहुतेक ब्रेकमध्येच. तापलेला ड्रम फुगून शूपासून लांब जातो आणि पेडल आणखी खाली दाबावं लागतं. डिस्क उघड्यावर असल्याने लवकर निवते. म्हणून चाचणी घ्यायची ती लागोपाठ दहा वेळा, आणि बघायचे ते शेवटचे आकडे.

त्यातही एक भानगड आहे. ड्रमचा जुना मास्टर सिलिंडर तसाच ठेवला, तर त्यातला व्हॉल्व्ह लाइनमध्ये १० पीएसआयच्या आसपास दाब धरून ठेवतो. ड्रमला तो चालतो. डिस्कचे पॅड मात्र घासत राहतात, तापतात. मग तुमच्या आलेखात डिस्क नापास दिसेल, आणि दोष असेल व्हॉल्व्हचा.