गाडी घाटात दम टाकतेय? इंजिन खोलण्याआधी 'कॉम्प्रेशन' मोजून घ्या

धाराशिव : तुळजापूरच्या घाटात तिसऱ्या गिअरवर चढणारी गाडी आता दुसरा गिअर मागते. सकाळी चार-पाचदा सेल्फ मारावा लागतो. अशी गाडी मेस्त्रीकडे नेली की अनेकदा एकच उत्तर मिळतं : कॉम्प्रेशन गेलंय, इंजिन काम काढावं लागेल. हा खर्च मोठा असतो. पण कॉम्प्रेशन नेमकं कुठून गेलं, हे इंजिन न खोलताही बऱ्यापैकी कळतं.

कॉम्प्रेशन म्हणजे काय?

सिलिंडरमध्ये आलेली हवा पिस्टन वर जाताना दाबतो. पेट्रोल इंजिनमध्ये ती साधारण एक दशांश जागेत कोंबली जाते, डिझेलमध्ये त्याहून कमी जागेत. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. दाबामुळे ५०० अंशांपुढे तापलेल्या हवेनेच ते पेट घेतं. त्यामुळे दाब घटला की थंडीत डिझेल गाडी आधी रुसते.

हा दाब बहुतेक वेळा पिस्टन रिंग, वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमधून गळतो. कच्च्या रस्त्यांवरची धूळ फाटक्या एअर फिल्टरमधून आत गेली की रिंग आणि सिलिंडर घासतात. चाळिशीपारच्या उन्हात कूलंट कमी असताना घाट चढवला, तर गॅस्केट जातं. सीएनजी गाड्यांत वॉल्व्ह सीट लवकर झिजण्याची तक्रार असते. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंटही घटत असेल, तर संशय गॅस्केटवर.

तपासणी कशी होते?

इंजिन गरम आणि बॅटरी पूर्ण चार्ज हवी. इंधन व इग्निशन बंद करून सगळे प्लग काढतात, प्लगच्या जागी गेज लावतात, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून काही सेकंद सेल्फ मारतात. पेट्रोल गाडीत साधारण १५० ते १८० पीएसआय दाब मिळतो (टायरमध्ये आपण ३०-३५ भरतो), नेमका आकडा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतो. डिझेलचा दाब दुपटीहून जास्त, त्यामुळे त्याचा गेजही वेगळा लागतो.

सिलिंडरांमधला फरक एकूण आकड्याइतकाच महत्त्वाचा. तीन सिलिंडर १६० आणि चौथा ९० दाखवत असेल, तर त्या चौथ्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा चढला तर रिंग, तसाच राहिला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडले असतील, तर बहुधा मधलं गॅस्केटच. ऑइलचा हा प्रयोग डिझेल इंजिनवर करू नये. तिथे जागा इतकी कमी असते की इंजिनलाच इजा होऊ शकते.

सगळेच सिलिंडर सारखे कमी दाखवत असतील, तर रिंगवर खापर फोडण्याआधी टायमिंग बेल्ट किंवा चेन दात सोडून सरकली आहे का, हे पाहायला सांगा. आणि चारही सिलिंडरचे आकडे बिलामागे लिहून घ्या. दुसऱ्या मेस्त्रीला दाखवायला तेच कामी येतात.